चांदीकामाची कृती जपा, नुसत्या वस्तू नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हस्तकला टिकवायच्या म्हटले की प्रदर्शने, पुरस्कार आणि काचेच्या कपाटातल्या जुन्या वस्तू यांवरच बोलणे होते. चांदीच्या हातकामापुरते बोलायचे तर घडवलेली वस्तू जपणे आणि ती घडवायची कृती जपणे ही दोन वेगळी कामे आहेत. वस्तू शेकडो वर्षे सुरक्षित राहते आणि तरी कृती बुडते, असे घडलेले आहे.

इटलीतल्या एट्रुस्कन कारागिरांनी इ.स.पू. सातव्या शतकात सोन्यावर जे रवाकाम (बारीक गोल रवे पृष्ठभागावर जोडून केलेली नक्षी) केले, त्यातले काही रवे ०.२ मिलिमीटरपेक्षाही बारीक आहेत. हे दागिने थडग्यांतून निघाले, संग्रहालयांत गेले, अभ्यासकांनी ते भिंगाखाली पाहिले. एकोणिसाव्या शतकात रोममधल्या कास्तेलानी घराण्याने तसे काम पुन्हा उभे करायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण डाख, म्हणजे सांधा जोडायला वितळवतात तो मिश्रधातू, वापरला की तो रव्यांच्या फटींत भरतो आणि रवा सुटा दिसत नाही, ही अडचण काही सुटेना. ती सुटली १९३० च्या दशकात, इंग्लंडमध्ये एच. ए. पी. लिटलडेल यांच्या प्रयोगांतून. डाख घ्यायचाच नाही. तांब्याचा क्षार डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवून रवे बसवायचे. तापवल्यावर डिंकाचा कोळसा होतो, कोळसा तांब्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो, आणि उरलेले कणभर तांबे रवा जिथे टेकला आहे तेवढ्याच जागी मुरून तिथला वितळणबिंदू खाली आणते. चांदीवरही हेच तत्त्व चालते. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, पण ७२ टक्के चांदी आणि २८ टक्के तांबे यांचे मिश्रण ७७९ अंशांनाच पातळ होते. एवढीशी गोष्ट, पण दागिने समोर असूनही ती नव्याने शोधावी लागली, कारण ती दागिन्यावर कुठे लिहिलेली नव्हती.

आज चांदीकामात नेमके काय धोक्यात आहे, तेही यावरून कळते. घडाई, उठावाचे नक्षीकाम, तारकाम, रवाकाम, मठार (शेवटी पृष्ठभाग एकसारखा करणारे हलके ठोके) ही नावे कुठेही गेलेली नाहीत, पुस्तकांत आहेतच. हरवते ते दोन पायऱ्यांच्या मधले. सर्वांत आधी जाते ती तावाची नजर.

चांदी ठोकली की कडक होते. पुन्हा मऊ करायला तिला ताव द्यावा लागतो. ९२५ च्या चांदीला, म्हणजे ९२.५ टक्के चांदी आणि बाकी बहुधा तांबे असलेल्या धातूला, हा ताव ६०० ते ६५० अंशांचा. जुना कारागीर तापमापक लावत नाही, रंग बघतो: अंधुक, मळकट लाल. हा रंग भर उजेडात दिसत नाही. म्हणून ताव देण्याची जागा खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असते. कामाची खोली नव्याने बांधताना वर झगझगीत दिवे लावले की शिकणाऱ्याला तो लाल दिसेनासा होतो. तो आणखी तापवतो, आणि दिसतो तेव्हा ७०० च्या पुढे गेलेला असतो. मग धातूचे कण मोठे होतात. पुढच्या ठोक्यांना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत येतो, आणि कितीही मठारले तरी तो खरबरीतपणा मुळातून जात नाही. आणखी चढवला तर ८०० च्या आसपास वितळायला सुरुवातच होते. गार करण्यातही खुबी आहे. लाली असतानाच पाण्यात टाकली तर भांडे वेडेवाकडे होते, सांध्यापाशी चिरतेही. हवेत सावकाश गार होऊ दिली तर विरघळलेले तांबे कणाकणाने वेगळे होते आणि चांदी परत थोडी कडक राहते. लाली नुकतीच विझली की पाण्यात, हे योग्य. कारागीर हे बोलून दाखवत नाही, हात करून मोकळा होतो, आणि नोंद करणारा ‘मग पाण्यात बुडवतात’ एवढेच लिहून घेतो.

खर्च वाचवण्यासाठी शिकणाऱ्यांना आधी तांब्यावर बसवतात, ते योग्यच आहे. पण तांबे १०८५ अंशांपर्यंत टिकते आणि चढता ताव खपवून घेते. तांब्यावर तयार झालेला हात चांदीवर आला की पहिल्या काही भांड्यांना हमखास जास्त तापवतो. शिकवणाऱ्याने हे आधीच सांगायला हवे.

घडाईचे, म्हणजे सपाट चकतीतून खोल भांडे उभे करण्याचे, उदाहरण जवळून पाहू. चकतीचा ढोबळ हिशेब असा की भांड्याचा सरासरी व्यास अधिक उंची. सरासरी १२ सेंटिमीटर व्यास आणि ८ सेंटिमीटर उंचीच्या वाडग्याला २० सेंटिमीटरची चकती लागते. १ मिलिमीटर जाडीला तिचे वजन साधारण ३२५ ग्रॅम भरते. मध्यापासून कंपासने सेंटिमीटरभर अंतरावर वर्तुळे आखायची आणि त्या रेषा धरून तळाकडून काठाकडे ठोकत जायचे. चकती पोलादी खुंट्यावर तिरकी धरतात. ठोका पडायला हवा तो चकती पोलादाला टेकली आहे त्या जागेच्या किंचित पुढे. तिथे पत्र्याखाली दोन-तीन मिलिमीटर पोकळी असते. धातू त्या पोकळीत दाबला जातो, आत सरकतो, घेर कमी होतो. ठोका बरोबर टेकल्या जागी पडला तर पत्रा दोन पोलादांत चेपून पातळ होतो आणि घेर उलट वाढतो. फार पुढे पडला तर चुणी येते. चुणी उघडी आहे तोवर मोगरीने बसवता येते. तिची दुमड मिटून एकावर एक बसली की तिथे चीर जाणार हे नक्की. फेरी पूर्ण झाली की काठ उभ्याने हलक्या हाताने ठोकून जाड करायचा, नाहीतर शेवटी तोच फाटतो. मग ताव, मग पुढची फेरी. साध्या वाडग्याला पाच-सहा फेऱ्या पुरतात, खोल आणि आवळत्या गळ्याच्या भांड्याला दहा-बारा.

यातला ‘किंचित पुढे’ हा शब्दात मावत नाही. तो कानाने शिकतात. पत्र्यामागे पोलाद असेल तर आवाज खणखणीत येतो, पोकळी असेल तर बसका. घडाईत बसका हवा, मठारताना खणखणीत. मठारच्या हातोडीचे तोंड अगदी गुळगुळीत असावे लागते, कारण तिच्यावरचा एक ओरखडा प्रत्येक ठोक्याबरोबर भांड्यावर उमटतो. ठोके मध्यापासून गोल फिरत, एकमेकांवर थोडे चढवत यायचे. जागा सुटली की तिथे फुगवटा राहतो आणि तो मागाहून एकटा काढायला गेले तर बाजूला दुसरा येतो.

ओतकामाबद्दल थोडक्यात. वितळलेली चांदी आपल्या आकारमानाच्या सुमारे २० पट ऑक्सिजन पिते आणि गोठताना तो बाहेर टाकते, म्हणून मुशीत वर कोळशाच्या पुडीचा थर हवा आणि लगड ओतायचा साचा आधी गरम केलेला हवा. लगडीचा वरचा पापुद्रा कानसून न काढता पत्रा लाटला तर पहिल्याच तावाला फोड उठतात.

फायरस्केल हा मात्र सविस्तर सांगण्याचा विषय आहे, कारण अर्धवट शिकलेल्या कामाची ओळख तिथेच पटते. तापवताना ऑक्सिजन चांदीतून आत शिरतो आणि पृष्ठभागाखालच्या तांब्याचे ऑक्साइड करतो. आम्लाच्या पाण्यातून काढल्यावर भांडे पांढरेशुभ्र दिसते, आणि पॉलिश केले की जांभळट करड्या रंगाचे ढग वर येतात. भांडे आणि दिवा यांच्या मध्ये पातळ पांढरा कागद धरला की ते स्पष्ट दिसतात. ते येऊ नयेत म्हणून तापवण्याआधी सवागी किंवा बोरिक आम्लाचा लेप द्यायचा, ज्योत सौम्य व निळ्या टोकाच्या मागे पिवळी छटा राहील अशी ठेवायची, आणि तापवणे कमीत कमी वेळात उरकायचे. आलेच, तर कानस, दगड आणि पॉलिश कागद यांनी तो थर खरवडून काढावा लागतो, आणि त्यात चांदीची घट होते. दुसरा मार्ग म्हणजे अनेकदा ताव आणि आम्ल यांची पाळी करून वर जवळपास शुद्ध चांदीची साय आणायची आणि मग ओपणीने, म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हत्याराने, घासून ओप द्यायचा. ही साय पॉलिशच्या चाकाखाली धरली की गेली. बाजारात बरेचदा या डागांवर विद्युतविलेपनाचा मुलामा देऊन ते झाकतात. काही वर्षांत मुलामा झिजतो आणि ढग परत दिसू लागतात. गिऱ्हाइकाला वाटते चांदीच हलकी निघाली. आम्लाच्या त्याच पाण्याबद्दल आणखी एक: वापरलेल्या पाण्यात लोखंडी चिमटा बुडवला की त्यातले तांबे चांदीवर चढते आणि भांडे गुलाबी पडते. चिमटा तांब्याचा किंवा लाकडाचाच हवा.

डाखाचे प्रमाण जुन्या हिशेबात चार भाग चांदीला एक भाग पितळ म्हणजे कडक डाख, दोन भागांना एक म्हणजे नरम. पहिल्या सांध्याला कडक, शेवटच्याला नरम, म्हणजे नंतरच्या तापात आधीचा सांधा सुटत नाही. डाख फट भरत नाही, नीट बसलेल्या दोन कडांमधून धावतो, आणि धावतो तो उष्णतेच्या दिशेने. जाड काठाला बारीक तार जोडताना ज्योत तारेवर ठेवली तर डाख तारेवर उडी मारतो आणि सांधा कोराच राहतो. चांदी उष्णता फार झपाट्याने पसरवते, म्हणून सगळी वस्तू तापवावी लागते. तारकामात याची खरी परीक्षा होते: जंतरातून (तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीतून) ओढलेली पाव मिलिमीटरची तार दुहेरी पिळून चपटी करायची, जाड चौकटीत नक्षी बसवायची, वर डाखाची कीस सवागीबरोबर भुरभुरायची आणि खालून ताप द्यायचा. कीस चिमूटभर जास्त झाली की जाळी बुजते. शिवाय नरम डाखात चांदी ६६-६७ टक्केच असते, तेव्हा तो सढळ हाताने वापरलेल्या वस्तूचा एकूण कस ९२५ च्या खाली घसरू शकतो.

जुने ते सगळे जसेच्या तसे चालू ठेवावे, असे आमचे म्हणणे नाही. कॅडमियम असलेला डाख छान धावतो, पण त्याची वाफ फुप्फुसाला जीवघेणी आहे. युरोपीय संघाने २०११ मध्ये दागिने आणि डाखकामात त्यावर निर्बंध आणले, ते उशिराच आणले. पाऱ्याने सोन्याचा मुलामा देण्याचेही तसेच. त्याची कृती नोंदवून ठेवावी, करायला शिकवू नये. यंत्राशीही आमचे भांडण नाही. पत्रा लाटायला रोलर आहे, तर कुणी लगड हाताने ठोकून पत्रा करायची गरज नाही. पण यंत्र आले की कृती किती लवकर विसरली जाते, हे ध्यानात ठेवावे. इंग्लंडमध्ये तांब्याला चांदीचा पत्रा उष्णतेने जोडून ताटे-किटल्या करण्याचा मोठा धंदा अठराव्या शतकाच्या मध्यापासून चालला होता. १८४० मध्ये एल्किंग्टन यांनी विद्युतविलेपनाचे पेटंट घेतले आणि पुढच्या काही दशकांत तो धंदा संपला.

उठावाच्या नक्षीसाठी ज्या मिश्रणावर पत्रा बसवून ठसे मारतात ती राळ हे तर अजून पुरते लिहिलेच गेलेले नाही असे ज्ञान आहे. राळ आणि बारीक चाळलेली वीटपूड वजनाने साधारण सारखी, आणि त्यांच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास तेल किंवा चरबी. थंडीत तेल थोडे वाढवायचे, उन्हाळ्यात कमी करायचे. राळ कडक झाली तर ठोक्याने पत्रा सुटून उडतो. नरम राहिली तर ठसा जिथे मारला तिथे थांबत नाही, आजूबाजूचा पत्राही खाली बसतो आणि रेघेची कडा मरते. पत्र्याखाली हवेचा बुडबुडा राहिला तर ठसा आरपार जातो. म्हणून पत्रा राळेवर एका बाजूने टेकवत हळूहळू बसवतात आणि नंतर बोटाच्या नखाने टिचकी मारून पोकळ आवाज येतो का पाहतात. राळ उकळू द्यायची नाही, एकदा जळली की ठिसूळ होते.

आता नोंदीबद्दल. कृती जपण्यासाठी आज ज्या चित्रफिती निघतात, त्या बहुतेक समोरून घेतलेल्या असतात, कारागिराचा चेहरा आणि उडणाऱ्या ठिणग्या दाखवतात, आणि वर संगीत चढवलेले असते. त्यातून शिकता काही येत नाही. कॅमेरा खुंट्याच्या उंचीवर, बाजूने हवा, म्हणजे पत्रा कुठे टेकला आणि ठोका कुठे पडला हे दिसेल. संगीत अजिबात नको, कारण हातोडीचा आवाज हीच माहिती आहे. सोबत लिहून ठेवायचे ते हे: धातूचा कस, चकतीची जाडी, हातोडीचे वजन आणि तोंडाची गोलाई, किती ताव दिले, खोलीत उजेड किती होता, दर फेरीनंतर तळ, पोट आणि काठ यांची जाडी कॅलिपरने किती भरली. शब्द कारागिराचेच ठेवावेत. आणि संग्रहालयांनी एक वाडगा पूर्ण करून घेण्याऐवजी तोच वाडगा सहा टप्प्यांवर थांबवून सहा वस्तू ठेवाव्यात, शेजारी चुणी मिटून चिरलेला, जास्त तापून खरबरीत झालेला, फायरस्केलचे ढग आलेला असे बिघडलेले नमुनेही मांडावेत. शिकणाऱ्याला पूर्ण झालेल्या भांड्यापेक्षा बिघडलेल्या भांड्यातून जास्त कळते. अशा नमुन्यांना लागणारी चांदी वितळवली तर परत मिळतेच, तेव्हा खर्चाची सबब टिकत नाही.

पण नोंद हा दुय्यम उपाय आहे. मुख्य उपाय म्हणजे माणूस शिकवणे, आणि त्याला वेळ लागतो. पंधरा दिवसांच्या वर्गात तार वाकवणे आणि साधा डाख येतो, घडाई येत नाही. हाताला ठोक्याचा अंदाज बसायला रोजच्या कामाची काही वर्षे जातात आणि त्या वर्षांत शिकणाऱ्याची चूल चालली पाहिजे. जपानने १९५० च्या सांस्कृतिक संपदा संरक्षण कायद्यात १९५४ मध्ये दुरुस्ती करून कौशल्य अंगी असलेल्या व्यक्तींनाच मान्यता द्यायला सुरुवात केली, त्यांत ठोकीव धातुकामाचे कारागीरही आहेत. त्यांना वार्षिक अनुदान मिळते आणि त्याबरोबर पुढच्या पिढीला शिकवण्याची जबाबदारी येते. पुरस्कार आणि हे अनुदान यांत फरक आहे, कारण पुरस्कार झालेल्या कामाचा असतो. ब्रिटनमध्ये २०१७ पासून धोक्यात आलेल्या हस्तकलांची लाल यादी निघते. तिच्यात कला किती सुंदर हे मोजत नाहीत. आज करणारे किती आणि शिकणारे किती, हे पाहतात. चांदीकामाबद्दल हाच प्रश्न तंत्रागणिक विचारला पाहिजे: उठावकाम करणारे पुष्कळ असतील, पण हाताने खोल भांडे उभे करणारे, त्याला लागणारे खुंटे घडवणारे आणि त्यांना पाणी देणारे, म्हणजे तापवून-विझवून पोलाद कडक करणारे, किती?

शिकाऊ हाताला सर्वांत चांगले काम दुरुस्तीतून मिळते. पोचा काढणे, निसटलेली मूठ पुन्हा बसवणे, झिजलेला काठ भरणे यात जुन्या कारागिराने काय केले होते ते उलगडत जाते. इथे एक सूचना आग्रहाने: जुन्या वस्तूवर आधी कुणी शिशाचा मऊ डाख लावला आहे का, हे ताप देण्यापूर्वी पाहावे. शिसे राहून तापवले तर ते चांदीत खड्डे खात जाते आणि मग ती जागा कापूनच काढावी लागते. मालकांनीही जुनी नक्षीदार चांदी यंत्राच्या पॉलिश चाकावर देऊ नये. काळेपणा हा चांदीच्या सल्फाइडचा पातळ थर असतो, तो मऊ कापड आणि बारीक खडूच्या लेपाने निघतो. चाक त्याबरोबर ठशाच्या कडाही नेते, आणि त्या परत आणता येत नाहीत.

शेवटची विनंती हत्यारांबाबत. कारागीर थकला किंवा गेला की त्याची चांदी घरचे नीट ठेवतात, खुंटे आणि हातोड्या किलोच्या भावाने भंगारात जातात. एखादा खुंटा विशिष्ट गळ्याच्या, विशिष्ट वळणाच्या भांड्यासाठी वर्षानुवर्षे घासून आकाराला आणलेला असतो, तो विकत मिळत नाही. हत्यारे कुणाला देईपर्यंत एवढे तरी करावे: गंज बारीक पॉलिश कागदाने काढावा, ग्राइंडर लावू नये, कारण तोंडाची गोलाई जाते आणि पोलाद तापून त्याचे पाणी उतरते. मशीन तेलाचा हात फिरवून कोरड्या कापडात गुंडाळावे. ठसे संचानेच ठेवावेत, सुटे करू नयेत. आणि कारागीर हयात असेल तर प्रत्येक खुंट्याला चिठ्ठी बांधून त्यावर लिहून घ्यावे, तो कोणत्या भांड्याच्या कोणत्या भागाला आणि कितव्या फेरीला लागतो.

आपले,
धातुकाम शिकणारे आणि शिकवणारे काही वाचक